जाळ्याशीं उभा राहिलेला प्रतिस्पर्धी

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरांत एक लहानसें वादळ होऊन गेलें. त्याचें कारण इतकें क्षुल्लक होतें कीं, त्याची हकीगत या सदरांत द्यावी किंवा न द्यावी याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतों. परंतु आमचे वाचक बहुतेक आमच्याप्रमाणेंच भरल्या घरांत राहणारे. आणि भरल्या घरांत कोणतेंच कारण क्षुल्लक राहत नाहीं, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको. शिवाय मुलामुलींच्या टेनिसविषयीं कांहीं लिहावें अशी सूचना दोघां वाचकांकडून मागेंच आली होती. तेव्हां देहलीदीपन्यायानें उंबरठ्यावर ठेवलेला हा एकच दिवा घरांतही उजेड पाडील आणि अंगणांतही, अशा समजुतीनें लिहावयास बसलों आहों.

आमची नात पंधरा वर्षांची. गेलीं पांच वर्षें ती टेनिस खेळते आणि बरें खेळते. जिल्ह्याच्या स्पर्धेंत उपांत्य सामन्यांत तिची गांठ तिच्याहून वर्षभरानें मोठ्या अशा एका मुलीशीं पडली व सरळ दोन सेट्समध्यें ती हरली. छत्तीस वर्षें शाळेंत काढल्यावर हार किंवा नापास होणें याचें आम्हांस फारसें कांहीं वाटेनासें झालें आहे. वाटलें तें हरण्याच्या रीतीचें. समोरच्या मुलीची सर्व्हिस सामान्य, दम बेताचा, बॅकहँड तर कच्चाच. तिच्यापाशीं विद्या एकच. चेंडू जरा आंखूड पडला कीं तो खोलवर लोटून द्यावयाचा आणि धांवत जाऊन जाळ्याशीं उभें राहावयाचें. ती तेथें उभी राहिली कीं आमच्या नातीचें भान सुटे. एरवीं मागच्या रेषेवरून वीस वीस फटके न चुकतां खेळणारी पोर एका फटक्यांत चेंडू कुंपणाला नेऊन भिडवी, नाहीं तर जाळ्यांत कोंबी.

घरीं आल्यावर तिनें रॅकेट माळ्यावर, जुन्या पितळी पिंपाशेजारीं नेऊन ठेवली. "आजोबा, ती पुढें आली कीं मला दुसरें कांहीं दिसतच नाहीं," एवढेंच ती आम्हांस म्हणाली. रात्रीं जेवणानंतर चिरंजीवांनीं विषय काढला. "नाना, यंदा तिची दहावी आहे. सकाळ-संध्याकाळचा हा वेळ आणि हा खर्च आतां पुरे झाला असें मला वाटतें." चिरंजीव बँकेंत आहेत; त्यांचें बोलणें हिशेबाला धरूनच असतें. आम्ही उत्तर शोधीत होतों तोंच आमच्या थोरल्या वहिनी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाल्या, "खेळ बंद करावयाचा तो ती हरली म्हणून, कीं दहावी आहे म्हणून? दोहोंपैकीं एक काय तें ठरवा. दहावी काय, ती सामन्याच्या आदल्या दिवशींही होतीच." यावर कोणासच बोलतां येईना.

आम्हांस एक संवय आहे. घरचे लोक तिला खोड म्हणतात. सामना पाहावयास जातांना आम्ही वही नेतों आणि प्रत्येक गुण कसा गेला याची खूण करून ठेवतों. ती वही त्या रात्रीं आम्हीं चिरंजीवांपुढें ठेवली. समोरची मुलगी एकंदर २९ वेळां जाळ्याशीं आली. त्यांपैकीं २१ गुण तिनें मिळविले. एथवरचें सर्वांस दिसलेंच होतें. परंतु त्या २१ गुणांपैकीं तिनें स्वतः चेंडू मारून मिळविलेले गुण अवघे ८. उरलेल्या १३ वेळां आमच्याच नातीनें ७ चेंडू बाहेर घालविले व ६ जाळ्यांत मारले. म्हणजे तेरा वेळां त्या मुलीनें कांहींएक केलें नव्हतें. ती नुसती उभी होती. चिरंजीवांनीं बेरीज दोनदां तपासली आणि वही परत दिली. "मार्चपर्यंत सकाळचा एक तास. त्याहून अधिक नाहीं," असें म्हणून ते उठले.

जाळ्याशीं आलेल्या खेळाडूच्या बाजूनें, त्याची रॅकेट पोंचणार नाहीं अशा बेतानें चेंडू पार नेणें, यास पासिंग शॉट म्हणतात. हा प्रश्न आजचा नव्हे. विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ सालीं झाली. ती स्पेन्सर गोर यानें जिंकली, आणि जिंकली ती जाळ्याशीं उभें राहूनच. इतर लोक मागें राहून, चेंडूचा टप्पा पडल्यावर तो सभ्यपणें परतवीत. हा गृहस्थ पुढें येऊन तो हवेंतच अडवी. त्यास बाजूनें चुकवावें तर तेंही अवघड. कारण त्या वर्षीं जाळें मध्यभागीं ३ फूट ३ इंच असलें तरी दोन्ही खांबांशीं तब्बल ५ फूट उंच होतें. कडेच्या रेषेलगत चेंडू मारावयाचा म्हणजे तो भिंतीवरून न्यावयाचा. तेव्हां चेंडू मधूनच येणार हें गोरला ठाऊक, आणि मध्यें तो स्वतः उभा. पुढच्या वर्षीं, म्हणजे १८७८ सालीं, सिलोनांत कॉफीचा मळा करणारा फ्रँक हॅडो नांवाचा तरुण रजेवर विलायतेस आला होता. त्यानें गोरला बाजूनें चुकविण्याचा नाद सोडला, डोक्यावरूनच चेंडू काढावयास आरंभ केला, आणि सरळ तीन सेट्समध्यें विजेतेपद घेतलें. मग तो निघून गेला तो तें विजेतेपद राखावयास फिरून आलाच नाहीं. आम्हांस हा मनुष्य फार आवडतो.

पुढें खांबांशीं जाळ्याची उंची उतरत उतरत १८८२ सालीं ३ फूट ६ इंच ठरली. ती आजही तीच आहे. मध्यभागीं जाळें ३ फूट. कडेची वाट अशी मोकळी झाली तेव्हां खरा पासिंग शॉट जन्मास आला. तरीही पुढें येणारांचें पारडें कांहीं काळ जडच राहिलें. विल्यम रेनशॉ यानें १८८१ पासून १८८६ पर्यंत ओळीनें सहा वेळां विंबल्डन जिंकलें. त्यांतल्या शेवटच्या तिन्ही वर्षीं निर्णायक सामन्यांत त्याच्यासमोर हर्बर्ट लॉफर्ड हा मागच्या रेषेवरचा कसलेला खेळाडू होता, आणि तिन्ही वेळां तो हरला. लॉफर्डला विजेतेपद मिळालें तें १८८७ सालीं, रेनशॉ खेळावयास उतरला नाहीं तेव्हां. परंतु चेंडूवर पुढची फिरकी देऊन मारण्याचा त्याचा फोरहँड ‘लॉफर्ड स्ट्रोक’ या नांवानें प्रसिद्ध झाला. आणि शंभर वर्षांनीं जाळ्याशीं येणारांची जी दैना उडाली तिचें बीज त्या फटक्यांत होतें, असें आमचें मत आहे.

हें सारें आम्हीं नातीला सांगितलें, पण तिला त्यांत गोडी वाटेना. मुलांना गोष्ट आवडते खरी, पण स्वतःची हार ताजी असतांना नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्ही दोरी व फूटपट्टी घेऊन कोर्टावर गेलों. एकेरीचें कोर्ट २७ फूट रुंद. जाळ्याशीं मधोमध उभ्या राहिलेल्या मुलीचा हात, सत्तावीस इंचांची रॅकेट आणि एक लांब पाऊल मिळून एका बाजूस सात-साडेसात फूट भरले. म्हणजे दोन्ही बाजूंस सुमारें सहा सहा फूट जागा मोकळी. नातीनें ती जागा स्वतः पावलांनीं मोजली आणि म्हणाली, "एवढी?" सामन्यांत तिला तेथें वीतभरही जागा दिसली नव्हती. म्हणून ती रेषेवर नेम धरी. आणि रेषेवर नेम धरणाराचे निम्मे चेंडू रेषेबाहेर जावयाचेच. नेम रेषेच्या आंत तीन फुटांवर धरावा. तेथें धरलेला नेम फूट-दोन फूट चुकला तरी चेंडू आंतच पडतो आणि समोरच्या रॅकेटच्या पल्ल्याबाहेरच राहतो.

आतां जाणता खेळाडू मधोमध उभा राहत नाहीं, हें खरें. ज्या बाजूस त्यानें चेंडू मारला त्या बाजूकडे तो पाऊलभर सरकतो आणि सरळ वाट बुजवितो. मग तिरपी वाट अधिक मोकळी राहते. येथें भूमितीचें थोडें काम आहे. उजव्या कोपऱ्यांतून तिरपा चेंडू मारून तो समोर जेथें सर्व्हिसची रेषा कडेच्या रेषेस मिळते तेथें टाकावयाचा असेल, तर तो जाळें ओलांडतो मध्यापलीकडे सुमारें चार फुटांवर. तेथें जाळें तीन फुटांहून एक-दोन इंचच उंच असतें. तोच चेंडू कडेच्या रेषेलगत सरळ मारला तर ३ फूट ५ इंच उंचीचें जाळें ओलांडावें लागतें. तीन-चार इंचांचा तो काय फरक, असें ज्यांस वाटेल त्यांनीं जाळ्याच्या पट्टीला लागून मागें पडणारे चेंडू एक दिवस मोजून पाहावे. उलट सरळ फटक्याला अंतर कमी, म्हणून तो लवकर पोंचतो आणि खोल गेला तरी चालतो. तिरपा फटका आंखूड पडला तरच साधतो. लांबला कीं जाळ्याशीं उभ्या असलेल्याच्या हातांत जातो. व्याकरणांत उत्सर्ग आणि अपवाद असतात त्या धर्तीवर आम्हीं नातीला सांगितलें: समोरून चेंडू खोल आला, तुला कोपऱ्यांत रेटलें, तर सरळ फटका किंवा डोक्यावरून लॉब, चेंडू आंखूड आला, तूं रेषेच्या आंत आहेस, तर तिरपा. अपवाद खेळतां खेळतां समजतात. उत्सर्ग मात्र आधींच ठरलेला असावा, कारण समोरचा चेंडू आपल्यापर्यंत यावयास सेकंद-सव्वा सेकंद लागतो आणि तेवढ्यांत सभा भरवितां येत नाहीं. ठरविलेली दिशा रॅकेट पुढें येत असतांना बदलणें, यापायींच त्या तेरांतले निम्मे चेंडू गेले असावे.

आम्ही स्वतः टेनिस शिकलों तें आमच्या थोरल्या बंधूंचे चेंडू वेंचून. गांवच्या जिमखान्याचें एकुलतें एक कोर्ट लाल मातीचें. पाणी मारावें, रोलर ओढावा, चुन्याच्या रेघा आंखाव्या, तेव्हां कोठें संध्याकाळीं खेळ. बंधू जन्मजात पुढें जाणारे. त्यांस चुकवून चेंडू नेणें आम्हांस वर्षानुवर्षें साधलें नाहीं. एकदां त्यांनीं मध्येंच खेळ थांबवून विचारलें, "अरे, आतां मारलास तो चेंडू नवा होता कीं जुना?" त्या वेळीं आमच्याकडचे चेंडू पांढरे असत व जुने झाले कीं मातीनें तांबूस होत, फरक लांबूनही दिसे. आम्हांस सांगतां येईना. "बरें, माझ्या सदऱ्याचें कोणतें बटण तुटलें आहे?" तें मात्र आम्हीं ताबडतोब सांगितलें. त्यावर ते कांहीं बोलले नाहींत. सर्व्हिस करावयास मागें निघून गेले. त्यांस जाऊन आतां अकरा वर्षें झालीं. त्यांचाच प्रश्न आम्हीं नातीला विचारला. सामन्यांतल्या चेंडूंविषयीं तिला कांहीं आठवेना. त्या मुलीच्या केसांच्या पट्टीचा रंग मात्र तिनें सांगितला. वहिनी वाती वळीत बसल्या होत्या. "भावोजी, पोर अगदीं तुमच्यावर गेली," असें त्या म्हणाल्या.

डोळे चेंडूवर आले कीं पुढचा धडा फिरकीचा. रॅकेट खालून वर घासत नेली म्हणजे चेंडू पुढच्या अंगास फिरत जातो, हवा त्यास खालीं दाबते, आणि जाळ्यावरून गेलेला चेंडू अकस्मात् बुडी मारतो. फिरत्या चेंडूची वाट वांकते हें न्यूटननें टेनिसच्या चेंडूवरून १६७२ सालींच लिहून ठेवलें होतें. आणि लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानें टेनिसच्या चेंडूच्या वांकड्या गतीवर निबंध लिहिला तो १८७७ सालीं, म्हणजे विंबल्डनच्याच वर्षीं. या बुडी मारणाऱ्या चेंडूचा गुण असा कीं, जाळ्याशीं उभ्या असलेल्या माणसास तो गुडघ्याखालीं सांपडतो. छातीच्या उंचीवर आलेला चेंडू तो खालीं ठोकतो. घोट्यापाशीं आलेला चेंडू मात्र त्यास वर उचलावाच लागतो, आणि उचललेला चेंडू मंद व उंच येतो.

यावरून दिसून येईल कीं, पासिंग शॉट हा बहुतेक वेळां एक फटका नसून दोन फटके असतात. सूचीकटाहन्याय आमच्या जुन्या वाचकांस माहीत असेल. लोहाराकडे एकजण कढई मागावयास आला आणि दुसरा सुई; लोहार आधीं सुई करून देतो, मग कढईस हात घालतो. पहिला फटका सुईसारखा लहान, जाळ्याच्या पट्टीवरून खालीं, त्या मुलीच्या पायांशीं. तिनें तो कसाबसा उचलला कीं मग कढई. आमची नात प्रत्येक वेळीं आधीं कढईच घडवावयास बसे.

एका गोष्टीवर तिचा व आमचा वाद झाला. मोकळी वाट कोठेंच दिसत नसेल तर चेंडू सरळ प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर, उजव्या हातानें खेळणाराच्या उजव्या कुशीवर मारावा, असें आम्हीं सांगितलें. तेथें आलेल्या चेंडूस फोरहँडही नीट लागत नाहीं आणि बॅकहँडही. "अंगावर मारणें वाईट नाहीं का दिसत, आजोबा?" असें तिनें विचारलें, आणि तो प्रश्न तिला पडला याचें आम्हांस बरें वाटलें. इव्हान लेंडल हा मोठा खेळाडू पुढें येणारांच्या अंगावर बेधडक मारी व त्याबद्दल लोक त्यास नांवें ठेवीत. परंतु नियमांत त्यास बंदी नाहीं. आमची मर्यादा अशी कीं, मागच्या रेषेवरून, कमरेच्या वर न जाईल असा खुशाल मारावा. जवळून, तोंडाच्या उंचीवर कधीं मारूं नये. आणि लागलाच तर हात वर करून क्षमा मागावी. ही मर्यादा तिला पटली कीं नाहीं तें तिनें सांगितलें नाहीं.

लॉब हा लाचारीचा फटका नव्हे, हें हॅडोच्या गोष्टीवरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. सामन्याच्या आरंभीं दोन-तीन लॉब चांगले खोल, प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडच्या खांद्यावरून काढावे. ते गुण गेले तरी हरकत नाहीं. पुढें तो जाळ्यास चिकटण्यास कचरतो, दोन पावलें मागेंच राहतो, आणि मग पायांशीं टाकलेला चेंडू त्यास अधिकच खालीं सांपडतो. वारा समोरून येत असेल तर लॉब निःशंक काढावा. पाठीमागून असेल तर जपून.

मोठ्यांचे सामने पाहून पुष्कळ कळतें, आणि आतां जुने सामनेही घरबसल्या पाहावयास मिळतात. आम्हीं नातीला दोन दाखविले. पहिला १९८० सालच्या विंबल्डनचा अंतिम सामना, ब्यर्न बोर्ग आणि जॉन मॅकेन्रो यांचा. गवतावर बोर्गही आपल्या सर्व्हिसमागून पुढें येई. पण त्याचें खरें बळ मागून मारलेल्या फिरकीच्या पासिंग शॉटमध्यें. रॅकेट लांकडी आणि तिची तांत सुमारें ८० पौंडांपर्यंत ताणलेली! चौथ्या सेटमधला टायब्रेक मॅकेन्रोनें १८-१६ असा घेतला, आणि तोंवर विजयाच्या सात संधी बोर्गच्या हातून निसटल्या होत्या. दुसरा कोणी असता तर पांचव्या सेटमध्यें मोडून पडता. बोर्गनें तो ८-६ असा घेतला, ओळीनें पांचव्यांदां विजेता झाला, आणि शेवटचा गुण मिळविला तो बॅकहँडच्या पासिंग शॉटनेंच. दुसरा सामना १९८५ सालचा, पॅरिस येथील, ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा यांचा. या दोघी एकमेकींशीं ८० सामने खेळल्या. ४३ नवरातिलोवानें जिंकले, ३७ एव्हर्टनें. हा सामना एव्हर्टनें ६-३, ६-७, ७-५ असा जिंकला. शेवटच्या गुणास नवरातिलोवा जाळ्याकडे आली, आणि एव्हर्टनें दोन हातांचा बॅकहँड कडेच्या रेषेलगत सरळ नेला. नातीनें तो एकच फटका सात-आठ वेळां मागें नेऊन पाहिला. शेवटीं म्हणाली, "आजोबा, ती तिच्याकडे पाहतच नाहीं."

जोर नसतांना हें काम कसें करावें तें पाहावयाचें असेल तर आपल्याकडील कृष्णन् पितापुत्रांचें उदाहरण आहे. रामनाथन् कृष्णन् १९६० व १९६१ अशा लागोपाठ दोन वर्षीं विंबल्डनच्या उपांत्य फेरींत पोंचले ते हाताच्या नाजुकपणावर, ताकदीवर नव्हे. त्यांचे चिरंजीव रमेश यांनीं १९८७ सालीं सिडनीच्या गवतावर, डेव्हिस चषकाच्या उपांत्य फेरींतल्या पांचव्या व निर्णायक सामन्यांत वॉली मसूर या सतत पुढें येणाऱ्या खेळाडूस सरळ सेट्समध्यें हरविलें आणि भारत अंतिम फेरींत गेला. ती बातमी वर्तमानपत्रांत वाचून आमचे बंधू, जे स्वतः जाळ्याचे पुजारी, तेही त्या दिवशीं रमेशच्याच बाजूचे झाले होते.

आजच्या मुलांची धांदल कां उडते याचेंही एक कारण आहे. १९९७ सालीं ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेन यानें पॉलिएस्टरची तांत लावून पॅरिसची स्पर्धा जिंकली आणि ही तांत झपाट्यानें सर्वत्र पसरली. तिनें चेंडूस फिरकी अतोनात देतां येते. २००१ पासून विंबल्डनचें गवतही निराळ्या, अधिक टणक जातीचें झालें. २००२ सालीं तेथील अंतिम सामना लेटन ह्यूइट व डेव्हिड नालबांडियन या दोघां मागच्या रेषेवरच्या खेळाडूंत झाला. जाळ्याशीं येणारे असे विरळ झाले, म्हणून मुलांना त्यांची संवयच राहिली नाहीं. एखादा भेटला कीं वाघ दिसल्यासारखें होतें. जातां जातां आईबापांस एक सूचना: लहान मुलांच्या रॅकेटचें गटिंग या तांतीनें करूं नये. ती ताठर असते आणि कोंवळ्या कोपरास सोसत नाहीं.

आमची तालीम साधी होती. जाळ्याच्या दोन्ही टोकांस बांबू बांधून जाळ्याच्या वर दोन फुटांवर सुतळी ताणली. चेंडू जाळें आणि सुतळी यांच्या मधूनच गेला पाहिजे. समोर दोन्ही बाजूंस, सर्व्हिसच्या रेषेपाशीं, कडेपासून तीन फूट आंत एकेक गोणपाट अंथरलें. मधोमध खुर्ची ठेवून तिला आमची छत्री उघडून बांधली, कारण जाळ्याशीं कांहीं तरी उभें असलें पाहिजे. पहिल्या दिवशीं पन्नासांपैकीं नऊ चेंडू सुतळीखालून गेले. संक्रांतीपर्यंत तीस जाऊं लागले. परंतु छत्री जागची हलत नाहीं आणि चेंडू परतही देत नाहीं. आणि आमचा उजवा गुडघा आतां छत्रीहून फारसा निराळा उरलेला नाहीं.

एके सकाळीं चिरंजीव कोर्टावर आले. कॉलेजांत असतांना ते खेळत. पुढें नोकरी आणि बदल्या यांत तें सुटलें होतें. त्यांनीं छत्री सोडविली, मिटून बाजूस ठेवली, आमच्या हातांतली रॅकेट मागून घेतली आणि जाळ्याशीं जाऊन उभे राहिले. "मार," एवढेंच म्हणाले. पहिले कांहीं चेंडू मुलीनें बापाच्या डोक्यावरून पार कुंपणाबाहेर घालविले. ते आणावयास आम्हांसच जावें लागलें. मग एक चेंडू त्यांच्या पायांशीं बुडाला, त्यांनीं तो वांकून उचलला, आणि दुसरा तिनें त्यांच्या डावीकडून नेला. त्यांनीं वळून पाहिलें. चेंडू गोणपाटावर पडून पुढें गेला होता. त्या दिवशीं त्यांस बँकेंत जावयास उशीर झाला, आणि दुसऱ्या दिवशीं ते आमच्याआधीं उठले.

मार्च आला, परीक्षा झाली. वैशाखांत दुसऱ्या एका गांवच्या स्पर्धेंत तीच मुलगी पुन्हां समोर आली. पहिला सेट आमच्या नातीनें ४-६ असा गमावला, दुसरा ६-३ असा घेतला, आणि तिसरा ५-७ असा गेला. वहींतला हिशेब असा: ती मुलगी ३१ वेळां पुढें आली, १७ गुण आमच्या नातीचे, १४ तिचे, आणि त्या १४ पैकीं आयते दिलेले चारच. तिसऱ्या सेटमध्यें तर तिनें पुढें येणें जवळजवळ सोडूनच दिलें होतें. मग सामना गेला कसा, असें वाचक विचारतील. तेंच आम्हीही येतांना बसमध्यें वही उघडून पाहत होतों. बराच वेळ नात खिडकींतून बाहेर पाहत होती. मग म्हणाली, "आजोबा, माझी दुसरी सर्व्हिस फार मऊ आहे ना?" पुढच्या बांकावरून चिरंजीवांनीं मागें वळून विचारलें, "नाना, डबल फॉल्ट किती झाले?" आम्हीं मोजून सांगितलें: अकरा, त्यांतले दोन शेवटच्या गेममध्यें, लागोपाठ. दुसऱ्या सर्व्हिसविषयीं पुढील अंकीं लिहूं.